आतली कड

चप्पल मागे राहिल्याचे विजयराघवला कळले नाही. ते त्याला रिक्षावाल्याने सांगितले. कुंभकोणमच्या बस स्टँडसमोर केळीच्या घडांनी लदलेला एक टेम्पो वळत होता, म्हणून तो जरा घाईने रस्ता ओलांडून आला, पलीकडे पोचल्यावर मागून तमिळमध्ये कोणीतरी म्हणाले, "सार, चप्पल राहिली तुमची." त्याने आधी मागे पाहिले आणि मग खाली. डाव्या पायात चप्पल नव्हती. वीस-बावीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध ती उताणी पडली होती आणि एक बस तिला चुकवून जात होती. पाय खडीवर होता. काळी, टोकदार, नुकतेच पाणी मारल्यामुळे ओली झालेली खडी. त्याने पाय दाबून पाहिला. खडी पायात रुतते आहे हे त्याला दिसत होते, एवढेच. रिक्षावाल्याने चप्पल आणून पुढ्यात टाकली, सकाळी सकाळी कसला एवढा विचार, असे काहीतरी म्हणाला, आणि विजयराघव हसला. हसू अगदी वेळेवर आले. चप्पल नीट बसली की नाही हे त्याने वाकून, डोळ्यांनी बघून घेतले, आणि मग पायावरची नजर काढायचे त्याला धैर्य होईना.

मायिलाडुतुरैच्या बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. तिरुभुवनम ओलांडले की पंधरा मिनिटांत कारखाना, म्हणजे हातात अर्धा तास होता. त्याने खिशातून घराची किल्ली काढली, मांडीवर धरली आणि डोळे मिटून उजव्या तर्जनीचे नख तिच्या दात्यांवरून ओढले. दाते लागले, पण मध्ये कोणी धोतराची घडी ठेवावी तसे लागले. त्याने सावकाश पुन्हा ओढले आणि मोजले. पाच. डोळे उघडून पाहिले तर सहा होते. शेजारचा माणूस किल्लीकडे बघतो आहे असे वाटून त्याने ती मुठीत घेतली. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एक चिमट्यासारखा लोखंडी नादकाटा टेबलावर आपटून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला होता आणि म्हणाले होते, थरथर थांबली की सांगा. थांबली, तो म्हणाला होता. डॉक्टरांनी चिमटा काही क्षण तसाच धरून ठेवला. त्यांच्या हाताला ती थरथर अजून कळत होती. त्यांच्या तोंडावरून विजयराघवला समजले. "साखरेमुळे होतं. पायांपासून सुरू होतं," ते म्हणाले होते. "हातांवर लक्ष ठेवा. काय काम करता तुम्ही?" इंजिनिअर आहे, असे त्याने सांगितले. नखाने काम करतो असे सांगितले नाही. घरी बायकोने, वेदवतीने, विचारले तेव्हा साखर आटोक्यात आहे, एवढे म्हणून त्याने पाय धुवायला मोरी गाठली होती.

खरे म्हणजे तो नखाचेच काम करत होता. हरिकृष्णच्या कारखान्यात हाडे जोडायच्या प्लेटी होत. बोटाएवढ्या रुंद, वीतभराहून थोड्या आखूड, टायटॅनियमच्या, प्रत्येकीला आठ भोके. हात मोडला की सर्जन ती हाडावर ठेवतो आणि भोकांतून स्क्रू पिळतो. हरिकृष्ण कोइम्बतूरहून आपल्या गावाकडे परत आला, कर्जाने मशीन घेतली, आणि पहिला माणूस म्हणून विजयराघवला बोलावून घेतले. कारण टायटॅनियम कापणारे पुष्कळ असतात, ते ओळखणारे थोडे. या धातूला उष्णता पोटात घेता येत नाही. लोखंड कापताना उष्णता किसाबरोबर उडून जाते. इथे ती कटरच्या टोकाशीच साचते, टोक मऊ पडते, धातूचा कण त्याला चिकटतो आणि पुढच्या फेरीत तोच कण कामावर सारवला जातो. वरून पाहिले तर सारवलेली जागा जास्त चकाकते. खाली मात्र जिभेसारखा एक पातळ पापुद्रा दुमडून बसलेला असतो, आणि माणूस हात हलवू लागला, हजारदा, लाखदा हलवू लागला, की चीर जाते ती नेमकी तिथून. सपाट भागावर यंत्राची सुई फिरवून फिनिश, म्हणजे गुळगुळीतपणा, मोजता येते, आकडा मिळतो. भोकाच्या आतली कड गोल, अरुंद. तिथे सुई जात नाही. तिथे नख जाते.

हे त्याला व्यंकोबाने शिकवले होते. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका कारखान्यात व्यंकोबा हा त्याचा वरिष्ठ होता, तंजावरकडचाच, म्हणून कामावर सगळ्यांशी कन्नड आणि विजयराघवशी घरची मराठी बोलायचा. "डोळे मीट," तो म्हणायचा. "डोळ्यांस चकाकी आवडते. नखास नाही आवडत." आणि मग आठ-दहा तुकडे समोर ओळीने ठेवून, कोणता कसा थंड केला ते ओळखायला लावायचा. पाण्यातल्या तेलाची धार सोडलेला, तेलाचा नुसता फवारा मारलेला, गोठवणारा द्रव नायट्रोजन सोडलेला. विजयराघवला ते पहिल्या महिन्यात जमू लागले. त्यात अक्कल नव्हती, अंगात काहीतरी होते आणि ते सापडले, इतकेच. त्याच कारखान्यात एका दुपारी व्यंकोबा नायट्रोजनच्या खोलीत गेला आणि बाहेर आला नाही. दार लागलेले, नळी कुठेतरी सुटलेली. त्या वायूला वास नाही, खोकला येत नाही, श्वास चालू आहे असेच वाटत राहते. विजयराघवने काचेतून पाहिले तेव्हा व्यंकोबा भिंतीला टेकून बसला होता आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हते. ओढून काढले, जगला. पण पुढे बोलताना माणसांची नावे शोधू लागला, आणि विजयराघवला एकदा त्याने लांबून बराच वेळ निरखून पाहिले.

म्हणूनच हरिकृष्णने नायट्रोजनचे नाव काढले तेव्हा विजयराघव आडवा आला. धारेने भोकाच्या आत पुरेशी थंडी पोचत नव्हती, कटर लवकर झिजत होते, आणि प्लेटी घेणाऱ्या चेन्नईच्या कंपनीला फिनिश सुधारून हवे होते. त्याने फवाऱ्याची बाजू घेतली. तेलाचे बारीक तुषार, जोराची हवा, वेग थोडा कमी; नायट्रोजनच्या तोडीचे काम काढून दाखवतो, असे त्याने सगळ्यांसमोर म्हटले. कंपनीने एक्केचाळीस प्लेटींपुरती परवानगी दिली. सपाट भागांचे आकडे खरोखर सुरेख आले. भोके त्याने स्वतः पाहिली, एकूण एक, तीन आठवडे रोज दुपारी, डोळे मिटून, आणि प्रत्येक प्लेटच्या कागदावर सही केली. चौतीस प्लेटी कपाटात होत्या. सात कंपनीने नेल्या होत्या. आज अकरा वाजता कंपनीची श्रीलक्ष्मी यायची होती, आणि तिने मान डोलावली की फवारा कायमचा ठरणार होता. बस तिरुभुवनमच्या रेशीम सोसायट्यांपुढे थांबली. साड्यांच्या गाठोड्यांसकट दोन बायका चढल्या. विजयराघवने किल्ली धरलेली मूठ पुन्हा उघडली आणि मनाशी म्हटले, किल्ली जुनी आहे, दाते झिजलेत. मग त्याला आठवले की घराचे कुलूप दिवाळीतच बदलले होते.

तपासणीच्या खोलीत पवित्रा नव्हती. ती मशीनवर गेली असावी. भिंतीपलीकडून फवाऱ्याची शीळ आणि कटरचा एकसुरी आवाज येत होता. पवित्रा तपासणी बघायची, तीनच वर्षांची नोकरी, तिरुविसनल्लूरहून स्कूटरने यायची, आणि बोलताना आधी मोजमाप सांगून मग मत सांगायची. महिन्यापूर्वी तिने सुचवले होते, दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला निळे रबर वापरतात, ते भोकात भरून काढले तर आतल्या कडेचा ठसा बाहेर येईल, त्यावरून सुई फिरवता येईल. तेव्हा तो म्हणाला होता, नख असताना रबर कशाला. तो हसून म्हणाला होता, ती हसली नव्हती. आता त्याने कपाट उघडले आणि वरची एक प्लेट घेतली. पहिले भोक, दुसरे, तिसरे. नख आत फिरले. गुळगुळीत. दुसरी प्लेट. गुळगुळीत. सगळे सारखेच गुळगुळीत होते, आणि हेच त्याला आता सोसेना; कारण एक्केचाळीस प्लेटींत तीनशे अठ्ठावीस भोके होतात, आणि तीनशे अठ्ठावीस भोके सारखी कधीच नसतात. तीन आठवडे आपण कसे खूष होतो ते त्याला आठवले. पद्धत बसली म्हणून सगळे सारखे येते आहे, असे त्याने हरिकृष्णला सांगितले होते. त्याचे कान तापले. मग, आपण काय करतो आहोत हे पुरते मनात येण्याआधीच, त्याने प्लेट उचलून भोकाची आतली कड खालच्या ओठावरून सावकाश फिरवली. ओठ जिवंत होता. थंडगार धातू, तेलाची किंचित तुरट चव, मग गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एका ठिकाणी ओठ अडला. त्याने मागे नेऊन पुन्हा फिरवले. पुन्हा तिथेच अडला.

"सार."

पवित्रा दारात ट्रे घेऊन उभी होती. त्याने प्लेट खाली ठेवली. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ट्रे टेबलावर ठेवला, त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "कापलंय तुम्हाला."

त्याने ओठ पुसला. रुमालावर एक लाल ठिपका आला. "काही नाही," तो म्हणाला.

"सहावं भोक का?"

"तिसरं." आणि एवढे बोलून गेल्यावर, ती सहावे का म्हणाली हे त्याच्या डोक्यात शिरले. "सहाव्यात काय आहे?"

"ते रबर मी आणलं होतं, सार. आमच्या ओळखीच्या डॉक्टरकडून. काल एका प्लेटीच्या सहाव्या भोकाचा ठसा घेतला. एकाच. तुम्हाला दाखवणार होते, पण एका ठशावर बोलणं बरोबर वाटेना." तिने खिशातून एक छोटी पिशवी काढली. आत निळी, बोटाच्या पेराएवढी खुंटी होती. तिच्या अंगावर, भिंगाखाली धरली तर, एक तिरकी खाच दिसत होती. विजयराघवने ती तळहातावर घेतली. किती हलकी होती. त्याला राग आला, या मुलीचा, मग रबराचा, आणि मग तो राग जाऊन बसायला कुठे जागाच सापडेना. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. हरिकृष्ण कोणाशी तरी मोठ्याने, आनंदाने बोलत होता.

श्रीलक्ष्मी चाळिशीची, कमी बोलणारी बाई होती. तिने कॉफी बाजूला ठेवली, आकड्यांचे कागद एकेक करून वाचले, आणि हरिकृष्ण तिच्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत बसला. पवित्रा भिंतीशी उभी होती. विजयराघवने दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवर ठेवले होते आणि बोटे एकमेकांवर घासत होता. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांना कळत नव्हती, दोन अनोळखी माणसे शेजारी बसावीत तशी ती नुसती होती.

"सपाट भागाचे आकडे उत्तम आहेत," श्रीलक्ष्मी म्हणाली. "नायट्रोजनच्या अगदी जवळ. भोकं?"

"आत सुई जात नाही, मॅडम," हरिकृष्ण म्हणाला. "पण भोकं सारांनी स्वतः पाहिलीत. एकूण एक."

"कशाने?"

"नखाने." हरिकृष्णच्या आवाजात अभिमान होता. "पंचवीस वर्षांचा हात आहे. आमच्याकडे सारांचं नख म्हणजे शेवटचा शब्द."

श्रीलक्ष्मीने विजयराघवकडे पाहिले. त्याने फक्त 'ठीक आहेत' म्हणायचे होते. तिसऱ्या भोकाचे मग बघता आले असते. कपाटातल्या प्लेटी गुपचूप पुन्हा तपासता आल्या असत्या, पवित्रा बोलली नसती, निदान आज बोलली नसती. हरिकृष्णच्या मुलीची अभियांत्रिकीची जागा, मशीनवरची सहा माणसे, आपली चोपन्न वर्षे, हे सगळे त्याच्या समोरून गेले, पण भराभर गेले, बसमधून दिसणाऱ्या दुकानांसारखे. स्थिर राहिल्या त्या सात प्लेटी. त्या कुठे असतील याचा त्याने आजवर कधी विचार केला नव्हता. कारखान्यातून गेल्या म्हणजे गेल्या. आता त्यांतली एखादी कोणाच्या तरी दंडात मांसाखाली आहे, अंगाच्या उष्णतेने कोमट झाली आहे, आणि तो माणूस आत्ता या क्षणी तांब्या उचलतो आहे, असे त्याला स्वच्छ दिसले.

"भोकांची मी खात्री देऊ शकत नाही," तो म्हणाला.

हरिकृष्णला वाटले सार विनयाने बोलताहेत. तो हसलाही.

"माझ्या बोटांना कळत नाही, मॅडम. साखरेचा आजार आहे. एका भोकात पापुद्रा आहे, तो मला आज सापडला, तोही नखाने नाही. दुसरा पवित्राने काढला आहे. आणखी असतील."

"कधीपासून कळत नाही?"

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. "महिना झाला असेल. जास्तही असेल. नक्की सांगता येत नाही. कारण न कळणं हे..." त्याने हात टेबलावर ठेवले, जणू ते दाखवून भागणार होते.

"सार, काय बोलताय तुम्ही," हरिकृष्ण हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरे झाले असते. तो उठला, दार उघडून बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडची शीळ थांबली. इतके आठवडे त्या आवाजात बसायची सवय, त्यामुळे तो थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटली. श्रीलक्ष्मीने कागद एकत्र केले आणि पवित्राला विचारले, "तुमचं ते रबर किती आहे?"

संध्याकाळपर्यंत त्या दोघींनी टेबलभर निळ्या खुंट्या उभ्या केल्या. विजयराघव प्लेटी काढून देत होता आणि परत ठेवत होता. आपल्याला घरी जायला कोणी सांगत नाही याचेच त्याला ओझे झाले होते. चौतीसपैकी नऊ प्लेटींत पापुद्रा निघाला, आणि नेहमी मधल्याच भोकांत. प्लेट पकडणीत मधोमध दबलेली असते, तिथे तुषार पोचतच नव्हते. फवारा सपाट भाग थंड करत होता आणि आत धातू शिजत होता. कारण सापडल्यावर क्षणभर त्याला जुन्यासारखी हुशारी वाटली, आणि लगेच तिची लाज वाटली.

घरी त्याने वेदवतीला सगळे सांगितले. बाहेर दिवसभर तमिळ बोलून आल्यावर घरच्या मराठीत ते सांगणे जड गेले. पुण्याहून आलेला एक विक्रेता एकदा म्हणाला होता की तुमची भाषा जुन्या पत्रांतल्यासारखी आहे, आणि आज खरेच, कोणी फार जुने पत्र वाचून दाखवते आहे असा त्याचा आवाज त्याला येत होता. वेदवती भाजी चिरत होती, ती थांबली नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशास सांगायला पाहिजे? दोन महिने झाले, तुम्ही सदऱ्याच्या गुंड्या बघून लावतांत. आधी माझ्याशी बोलत बोलत लावत होतांत." तिने विळी आडवी केली. "मी वाट बघत होते. तुम्ही सांगाल म्हणून."

"भ्यालो होतो," तो म्हणाला.

"होंव," वेदवती म्हणाली. "मीपण." मग उठून तिने त्याचे दोन्ही पाय उजेडात घेतले आणि तळवे बघू लागली. डाव्या टाचेला खडीने चांगले खोल कापले होते. रक्त वाळून काळे झाले होते. ती कोमट पाण्याने ते पुसत असताना विजयराघव तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि तिच्या कपाळावर आठी आली तेव्हाच त्याला समजले की आता तिचा हात जखमेवर आहे.

सातपैकी सहा प्लेटी आठवड्याभरात परत आल्या. सातवी, सतरा नंबरची, लावून झाली होती. अडुसष्ट वर्षांची बाई, उजवा हात. नाव सांगता येणार नाही, असे श्रीलक्ष्मीने फोनवर सांगितले. दुसऱ्या ऑपरेशनचा धोका प्लेटीपेक्षा मोठा, म्हणून सर्जनने प्लेट तशीच ठेवायची ठरवले होते. हाताने काही उचलायचे नाही आणि दर महिन्याला एक्स-रे. सतरा नंबरच्या भोकांत काय आहे हे आता कोणालाच बघता येणार नव्हते. कारखान्याची परवानगी दोन महिने थांबली. हरिकृष्ण त्या दोन महिन्यांत विजयराघवशी कामापुरते बोलला, पण त्याला काढले नाही. मधल्या भोकांसाठी नायट्रोजन आणायचे ठरले तेव्हा विजयराघवने एकच अट घातली, त्या खोलीला दार नको. आणि हवेतला प्राणवायू कमी होताच ठणाणा करणारे यंत्र त्याने स्वतः छातीच्या उंचीवर ठोकून घेतले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो फोनची वाट बघायचा. बाकीच्या दिवसांत ती बाई त्याच्याबरोबर असायची. ती दळण ठेवायची, कळशी उचलायची, नको म्हटले तरी उचलायची, आणि बसमध्ये, जेवताना, मशीनसमोर, त्याचे लक्ष तिच्या मनगटाकडे असायचे.

पाचव्या महिन्यात फोन दुपारी आला. हाड जुळले होते. आता भार हाड घेते, प्लेट नुसती आहे, असे सर्जन म्हणाल्याचे श्रीलक्ष्मीने सांगितले. मग म्हणाली, "त्या हिंडतात-फिरतात, सार." त्याने धन्यवाद म्हटले आणि फोन बंद झाल्यावरही तो बराच वेळ हातात धरून बसला. इतके महिने ज्या मनगटाकडे बघत होतो तिकडून नजर काढून कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

पवित्रा ट्रे घेऊन आत आली. दुपारी अर्धा तास ती त्याच्यासमोर बसायची, तो तिला डोळे मिटायला लावायचा आणि तुकडे पुढे सरकवायचा; दोन महिन्यांपासून ती बहुतेक बरोबर सांगू लागली होती. आज तिने एक प्लेट वेगळी काढून आणली होती.

"ठसे स्वच्छ आहेत, सार. आठही. सुई पास म्हणते," ती म्हणाली. "पण पाचव्यात नख कुठंतरी अडल्यासारखं वाटतंय. नक्की नाही सांगता येत. तुम्ही बघता?"

विजयराघवने प्लेट घेतली. उजेडात धरली, कड एकसारखी चकाकत होती. त्याचे बोट सवयीने भोकाशी गेले, आणि तिथेच थांबले. पवित्रा त्याच्याकडे बघत होती.

"पाचवं ना?" त्याने विचारले.

"हो."

त्याने नापास मालाच्या लाल डब्याचे झाकण उघडले, प्लेट आत टाकली, आणि कागदावर कारणाच्या रकान्यात 'पवित्राचे नख' असे लिहून कागद सहीसाठी तिच्याकडे सरकवला.